फुलांच्या दरीत एक दिवस

दोस्तांनो, कळसूबाई चढलात का कधी? महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर, १६४६ मीटर! आज आपण त्याच्या दुपटीहून उंच जागी जाऊ या. घाबरू नका, दोर-बिर काही लागत नाही. चांगले बूट आणि भरपूर सबुरी, बस्स! ठिकाण आहे उत्तराखंडातलं 'व्हॅली ऑफ फ्लॉवर्स' राष्ट्रीय उद्यान.

बद्रीनाथच्या रस्त्यावर गोविंदघाट लागतं. तिथून थोडं अंतर गाडीनं आणि मग नऊ-दहा किलोमीटर पायी गेलं, की सुमारे ३००० मीटरवरचं घांगरिया येतं. मुक्काम इथंच करायचा, कारण दरीत तंबू ठोकायला परवानगी नाही. सकाळी जायचं आणि संध्याकाळच्या आत परतायचं.

वाट कशी आहे?

घांगरियाच्या पुढे उजवीकडची वाट हेमकुंड साहिबला जाते, डावीकडची दरीकडे. वनखात्याच्या चौकीवर परवाना घ्यायचा. मग पुष्पावती नदीवरचा पूल, दगडी पायवाटेचा चढ, भूर्जवृक्षांची झाडी... आणि एकदम समोर दरी उघडते! साधारण आठ किलोमीटर लांब, दोन किलोमीटर रुंद, चहूकडे बर्फाळ डोंगर.

१९३१ साली कामेत शिखर सर करून परतताना फ्रँक स्माइथ आणि त्याचे सोबती इथं उतरले. फुलं बघून ते थक्कच झाले. स्माइथ १९३७ साली पुन्हा आला आणि पुढच्या वर्षी त्यानं या दरीवर पुस्तक लिहिलं. अर्थात, भ्यूंदार खोऱ्यातले मेंढपाळ त्याआधीपासूनच इथं मेंढ्या चारायला आणत होते! १९८२ साली उद्यान झालं, तशी चराई थांबली. २००५ साली दरीला जागतिक वारशाचा मान मिळाला.

कोणती फुलं दिसतील?

इथं फुलझाडांच्या शेकडो जाती आहेत. निळी पॉपी, नागाच्या फण्यासारखी कोब्रा लिली, गुलाबी तेरड्याचे ताटवेच्या ताटवे! ब्रह्मकमळ मात्र हेमकुंडच्या वाटेवर, आणखी उंचावर भेटतं. आपल्या कुंडीत रात्री फुलतं ना, ते हे नव्हे! ते मूळचं अमेरिका खंडातलं निवडुंग. हिमालयातलं ब्रह्मकमळ सूर्यफुलाच्या कुळातलं.

दरी १ जून ते ३१ ऑक्टोबर एवढीच उघडी असते. एरवी सगळं बर्फाखाली. उगवायचं, फुलायचं, बी धरायचं, सगळं त्या थोडक्या दिवसांत! म्हणून फूल तोडायचं नाही आणि पायवाट सोडायची नाही. तुमच्या बुटाखाली चिरडलेल्या रोपाला दुसरी संधी थेट पुढच्या वर्षी.

पायवाट सोडायची नाही, याला आणखी एक कारण आहे. दरीत एक एकटी कबर आहे. जोन मार्गारेट लेग या वनस्पती-अभ्यासक बाईंची. १९३९ साली उतारावर फुलं गोळा करताना पाय घसरून त्या गेल्या. सोपी वाट सोपी असते ती वाटेवर असेपर्यंतच!

दम लागला? सांगा!

३५०० मीटरवर हवा विरळ असते. समुद्रकाठी एका श्वासात जेवढा प्राणवायू मिळतो, त्याच्या दोन-तृतीयांशच इथं मिळतो. म्हणून शर्यत लावू नका. डोकं दुखलं, मळमळलं, तर 'सगळे हसतील' म्हणून लपवू नका. लगेच मोठ्यांना सांगा. आराम वाटेना, तर खाली उतरणं हाच उपाय. अर्ध्यातून परत फिरणारा भित्रा नसतो, शहाणा असतो.

आई-बाबांसाठी

* जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत फुलांचा बहर असतो, पण पाऊसही असतो. दरडी कोसळून रस्ता बंद पडतो. एक-दोन दिवस हाताशी जादा ठेवा.
* रेनकोट, स्वेटर, टोपी, जादा मोजे, पाणी आणि खाऊ बरोबर हवाच. दरीत दुकान नाही.
* दुपारनंतर आत सोडत नाहीत. सकाळी लवकर निघा.
* चॉकलेटचा कागदसुद्धा खिशातूनच परत आणा.

मग काय, कधी निघताय?