मनोरुग्ण आणि पोलिस ठाणे

मनोरुग्ण मनुष्य कोणाच्या ताब्यात असावा, आणि ताबा घेणाऱ्याचे त्याच्याशी वर्तन कसे असावे, हा प्रश्न कोल्हापुरास अपरिचित नाही. करवीरचे छत्रपती चौथे शिवाजी महाराज ह्यांचे दत्तविधान १८७१ मध्ये झाले; पुढे त्यांना वेड लागल्याचे सरकारने ठरविले. महाराजांचा छळ होत असल्याचा बोभाटा झाला, आणि कारभारी माधवराव बर्वे ह्यांच्यावर आरोप करणारा मजकूर छापल्याबद्दल टिळक व आगरकर ह्यांना १८८२ मध्ये डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. ज्या पत्रांवर ते विसंबले ती बनावट ठरली. महाराजांच्या स्थितीचा प्रश्न मात्र तसाच राहिला. त्यांना अहमदनगरच्या (आजच्या अहिल्यानगरच्या) किल्ल्यात ठेवण्यात आले, आणि तेथे २५ डिसेंबर १८८३ रोजी ग्रीन नावाच्या गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीत त्यांचा अंत झाला. महाराज खरोखर वेडे होते काय, हा वाद इतिहासकारांचा आहे. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने लक्षणीय गोष्ट एवढीच की, वेडा ठरविलेल्या माणसाजवळ अखेरच्या क्षणी जो मनुष्य होता, त्याचे शिक्षण सैनिकाचे होते.

छत्रपतींच्या बाबतीत जे राजकीय हुकमाने घडले, ते सामान्य माणसाच्या बाबतीत ब्रिटिश मुलखात कायद्यानेच ठरलेले होते. १८५८च्या कायद्याने मोकाट फिरणाऱ्या व वेडापायी धोकादायक वाटणाऱ्या माणसास धरून मॅजिस्ट्रेटपुढे पाठविणे हे पोलिस अंमलदाराचे कर्तव्य ठरविले. १९१२च्या कायद्याने त्यात थोडा भेद केला: मोकाट फिरणाऱ्या वेड्यास ठाणे अंमलदाराने अटक करावी अथवा न करावी, धोकादायक वेड्यास मात्र केलीच पाहिजे. १९४९ मध्ये संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाल्यावर कोल्हापूरची ठाणीही ह्याच चौकटीत आली. १९८७चा कायदा १ एप्रिल १९९३ पासून अमलात आला, तेव्हा ‘अटक’ हा शब्द जाऊन ‘संरक्षणात घेणे’ हा शब्द आला. तथापि वाट तीच राहिली. ठाण्यातून चोवीस तासांच्या आत मॅजिस्ट्रेटकडे, आणि त्याच्या हुकमाने वेड्यांच्या इस्पितळात. शब्द बदलल्याने कोठडी बदलत नाही. मुंबईच्या पत्रकार शीला बर्से ह्यांनी नेटाने चालविलेल्या खटल्यात, कोणताही गुन्हा न केलेल्या मनोरुग्णांना तुरुंगात ठेवणे बेकायदेशीर व घटनाबाह्य आहे असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने दिला, तोही १९९३ मध्येच. संरक्षणाची भाषा करणारा कायदा आणि तुरुंगातील निरपराध मनोरुग्ण ह्या दोन्ही गोष्टी एकाच वर्षीच्या होत, हे ध्यानात ठेवावे.

खरा पालट २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने केला. हा कायदा २९ मे २०१८ पासून अमलात आहे. त्याच्या कलम १०० प्रमाणे, मानसिक आजारामुळे स्वतःची काळजी घेऊ न शकणारा फिरस्ता असो, की आजारामुळे स्वतःस वा इतरांस धोका करू शकणारा असो, दोघांनाही संरक्षणात घेणे हे ठाणे अंमलदाराचे कर्तव्य आहे. इच्छेवर काही सोडलेले नाही. संरक्षणात घेण्याचे कारण त्या व्यक्तीस किंवा तिच्या प्रतिनिधीस सांगावयाचे. तिला शक्य तितक्या लवकर, आणि कोणत्याही परिस्थितीत चोवीस तासांच्या आत, नजीकच्या सार्वजनिक आरोग्यसंस्थेत न्यावयाचे. पोलिस कोठडीत वा तुरुंगात तिला मुळीच ठेवावयाचे नाही. ठाण्यानंतरचा पहिला दरवाजा आता न्यायालयाचा राहिला नसून दवाखान्याचा झाला आहे.

महाराष्ट्रात शासनाची प्रादेशिक मनोरुग्णालये चार: ठाणे, पुणे, नागपूर व रत्नागिरी. कोल्हापुरास त्यांतले जवळचे रत्नागिरीचे, आणि तेही आंबा घाट उतरून. झटका आलेल्या माणसास पोलिसांच्या गाडीतून घाटातून नेणे म्हणजे काय, ह्याची कल्पना वाचकांनीच करावी. परंतु कायद्याला मनोरुग्णालय अभिप्रेत नाही. ‘नजीकची सार्वजनिक आरोग्यसंस्था’ अभिप्रेत आहे, आणि कोल्हापुरात ती म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय. कलम ९४ प्रमाणे आणीबाणीच्या प्रसंगी कोणताही नोंदणीकृत डॉक्टर, व्यक्तीच्या प्रतिनिधीची संमती मिळत असल्यास ती घेऊन, बहात्तर तासांपर्यंत उपचार करू शकतो. म्हणजे मनोविकारतज्ज्ञ हजर नाही, ही सबब पहिल्या दिवशी चालणारी नाही. शिवाय ताप, डोक्याला झालेली इजा, अपस्मार, रक्तातील साखर उतरणे किंवा दारू सुटल्याने होणारा भ्रम ह्यांतले काहीही वेडासारखे दिसू शकते. शिपायाने निदान करावे अशी अपेक्षा नाहीच. त्याला केवळ सकारण शंका यावी लागते.

ही शंका मनात आल्यावर शिपाई काय करतो, हा समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यासाठी सर्वांत मोलाचा प्रश्न होय. इगॉन बिटनर ह्या समाजशास्त्रज्ञाने एका मोठ्या अमेरिकन शहरातील पोलिसांचे निरीक्षण करून १९६७ मध्ये जो निबंध प्रसिद्ध केला, त्यात असे दिसून आले की, मनोरुग्णास रुग्णालयात नेण्याचा अधिकार पोलिस शक्यतो वापरीतच नाहीत. समजूत घालणे, घरी पोचविणे, ओळखीच्या माणसाच्या हवाली करणे ह्यांवर ते बहुतेक प्रसंग निभावून नेतात. ह्यास निष्काळजीपणा म्हणणे सोपे आहे. पण रुग्णालयाच्या दाराशी ताटकळणे व कागदपत्रांचा व्याप हेही त्याचे एक कारण होते. मेंफिस शहरात १९८७ मध्ये सुरी घेतलेल्या एका मनोरुग्ण तरुणास पोलिसांनी गोळी घातली, आणि त्यानंतर १९८८ मध्ये तेथे खास पथक सिद्ध झाले. त्या पथकाच्या चाळीस तासांच्या शिक्षणाचा बोलबाला जगभर झाला. त्याचा दुसरा भाग तितकासा सांगितला जात नाही: आणलेल्या माणसास विनाविलंब दाखल करून घेणारे एक ठरलेले रुग्णालय.

आपल्याकडेही हीच अडचण संभवते. रुग्णाला घेऊन शिपाई बाकावर तासन्‌तास बसून राहत असेल, तर पुढच्या खेपेस तो सोपी वाट शोधील, आणि सोपी वाट महाराष्ट्र पोलिस अधिनियम, १९५१ मध्ये तयार आहे. सार्वजनिक जागी असभ्य वर्तन हे कलम ११०, शांतताभंग होण्याजोगे गैरवर्तन हे कलम ११२. नागव्याने फिरणाऱ्यास वा बाजारात शिव्या देणाऱ्यास ही कलमे सहज लागतात. मग तोच मनुष्य रुग्ण न राहता आरोपी होतो, आणि कलम १०० चे सारे संरक्षण गळून पडते. कोणता रकाना भरावयाचा हे ठाण्यातील एका टेबलावर ठरते. शासकीय अधिकाऱ्यांना, पोलिसांसह, ह्या विषयाचे वेळोवेळी शिक्षण द्यावे असे कलम ३० सांगते. त्या शिक्षणात ह्या टेबलाचा विचार आधी व्हावयास हवा.

घरातील छळाकडेही पोलिसांनी पाहावयाचे आहे. तामिळनाडूतील एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी लागलेल्या आगीत साखळदंडांनी बांधलेले पंचवीसहून अधिक मनोरुग्ण होरपळून मेले. आज कोणत्याही स्वरूपात साखळीने बांधण्यास बंदी आहे, आणि हद्दीतील मनोरुग्णाचा छळ वा हेळसांड होत असल्याचे वाटल्यास ठाणे अंमलदाराने मॅजिस्ट्रेटला तत्काळ कळविले पाहिजे.

राहता राहिला परतीचा प्रवास. दाखल करण्याची गरज नाही असे डॉक्टरांनी ठरविल्यास पोलिसांनी त्या व्यक्तीस घरी, आणि घर नसल्यास बेघरांच्या शासकीय निवाऱ्यात पोचवावयाचे असते. बेघर वा भटकी व्यक्ती असेल तर हरवल्याची प्रथम खबर नोंदवून कुटुंबाचा शोध घेणे हेही ठाण्याचेच काम. कोल्हापुरात ते वाटते तितके सोपे नाही. अंबाबाईच्या व जोतिबाच्या दर्शनास दूरदूरची माणसे येतात. सरहद्द जवळ असल्याने कित्येकांची भाषा कानडी असते, आणि हरवल्याची नोंद कदाचित कर्नाटकातील एखाद्या ठाण्यात आधीच पडलेली असते. डॉ. भरत वाटवानी ह्यांना रस्त्यावरील मनोरुग्णांना बरे करून घरी पोचविण्याच्या कार्याबद्दल २०१८ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. कर्जत येथील त्यांच्या संस्थेचा अनुभव असा की, उपचार लागू पडल्यावर रुग्ण आपल्या गावाचे नाव बहुधा स्वतःच सांगतो. म्हणजे ठाण्याला हवा असलेला पत्ता पुष्कळदा औषधानंतर मिळतो, चौकशीच्या पहिल्या दिवशी नव्हे. आणि तोवर ती नोंद उघडी ठेवावी लागते.