नारू गेला कुठे?

माझ्या आजोबांच्या घोट्याजवळ एक जुना, आकसलेला वण होता. कशाचा म्हणून विचारले की ते एवढेच म्हणत, "नारूचा." आज वर्गात हा शब्द उच्चारला तर अर्थ सांगणारा विद्यार्थी क्वचितच भेटतो. रोग गेला की त्याचा शब्दही जातो. अशा शब्दाचे सुतक मराठीच्या प्राध्यापकानेही धरू नये!

नारू म्हणजे दोन-तीन फूट लांब, शेवईसारखा बारीक जंत. माणसे बारवेत उतरून पाणी भरीत. त्या पाण्यातील जेमतेम दिसणाऱ्या किड्यांबरोबर नारूची पिल्ले पोटात जात. वर्षभराने मादी कातडीखाली, बहुधा पायावर, फोड उठवी. आग शमवायला रोगी पाण्यात पाय बुडवी आणि तिथेच ती हजारो पिल्ले सोडी. औषध तेव्हा नव्हते, आजही नाही. काडीला गुंडाळून रोज थोडाथोडा ओढायचा; तुटला तर पाय सुजून पिकायचा.

१९८४ साली भारतात सुमारे ४० हजार रोगी होते. पुढे पायविहिरींत उतरणे बंद केले, हातपंप बसवले, पाणी फडक्याने गाळण्याची सवय गावोगाव लावली. शेवटचा रोगी १९९६ साली जोधपूर जिल्ह्यात सापडला. २००० साली देश नारूमुक्त ठरला. जगात १९८६ साली अंदाजे ३५ लाख रोगी होते, ते २०२४ साली अवघे १५ उरले.

मग घोडे अडले कुठे? आफ्रिकेतल्या चाड देशात दहा वर्षे नारूचा मागमूस नव्हता. २०१० साली तो पुन्हा दिसला आणि २०१२ पासून चक्क कुत्र्यांच्या पायांतून बाहेर पडू लागला. तपासले तर जंत तोच! चारी नदीकाठी मासे साफ करून टाकलेली आतडी कुत्री खातात. लागण त्यातूनच होत असावी, असा शास्त्रज्ञांचा कयास आहे. असा कुत्रा तळ्यात डुंबला की पाणी नासले, आणि तेच पाणी माणसाच्या घागरीत येते. २०२४ साली माणसे १५, पण लागण झालेली जनावरे सहाशेंहून अधिक होती.

म्हणून तिथले गावकरी माशांची आतडी पुरतात आणि नारू झालेला कुत्रा जंत पुरता निघेपर्यंत बांधून ठेवतात. आजोबांच्या गावाची सुटका पाणी गाळून झाली. चाडमधल्या गावाला मात्र आपल्या पायाबरोबर दाराशी बसलेल्या कुत्र्याचाही पाय रोज पाहावा लागतो.