परदेशी गिऱ्हाइकाची बोली लागली, पण पार्सल धाडायचं कसं?



भाताची कापणी-झोडणी आटोपली, वाल पेरून झाला की आपल्या चिंचोटी-कामण भागात थोडी उसंत मिळते. या दिवसांत पाड्यापाड्यांवर टोपल्या-सुपं विणली जातात, कापडावर वारली चित्रं काढली जातात. हा माल आजवर वसईच्या बाजारात किंवा हमरस्त्याच्या कडेला खपायचा. आता घरातली शिकलेली मुलं मोबाईलवरून परदेशी लिलावाच्या बाजारात त्याचा फोटो टाकू लागली आहेत. ईबे या कंपनीचा भारतातल्या भारतात विक्रीचा बाजार २०१८ साली बंद झाला, पण इथून परदेशी गिऱ्हाइकाला माल विकण्याची सोय आजही चालू आहे.

वारली चित्राला जगात मान आहे. डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांना या कलेसाठी २०११ साली पद्मश्री मिळाली. तेव्हा गिऱ्हाईक मिळणं अवघड नाही. अवघड आहे ते पुढचं. बाजार समितीत बोली संपली की माल अडत्याच्या ओट्यावरच असतो आणि घेणाऱ्यानं तो डोळ्यांनी पाहिलेला असतो. इथे बोली संपते तेव्हा माल तुमच्या पडवीत असतो आणि गिऱ्हाईक सात समुद्रांपलीकडे. म्हणून एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा : टपालखर्च, कागदपत्रं आणि नियम यांचा हिशेब फोटो टाकण्याआधी करायचा, बोली लागल्यावर नाही.

वजन तराजूवरचं, आणि जागेचंही

आधी माझीच चूक सांगतो. एका बचत गटाची बांबूची टोपली आम्ही लिलावात ठेवली होती. तराजूवर ती जेमतेम सव्वा किलो भरली. मी त्या हिशेबानं भाडं धरलं. कुरिअरवाल्यानं मात्र खोक्याची लांबी, रुंदी, उंची मोजली. ४० सेंटिमीटर गुणिले ४० गुणिले ३०, म्हणजे ४८ हजार. त्याला ५ हजारांनी भागलं की येतात ९.६. म्हणजे भाडं सव्वा किलोचं नव्हे, ९.६ किलोचं! टोपलीच्या किमतीपेक्षा भाडं जास्त झालं. गटाच्या बायकांसमोर मान खाली घालायची पाळी आली.

खासगी कुरिअरचा हा सर्वसाधारण रिवाज आहे. पोकळ माल जागा अडवतो, म्हणून जागेचं वजन धरलं जातं. नव्या विक्रेत्यानं सुरुवात गुंडाळता येणाऱ्या मालानं करावी. कापडावरचं चित्र ८ सेंटिमीटर जाडीच्या आणि ५० सेंटिमीटर लांबीच्या नळीत बसलं, तर जागेचं वजन पाऊण किलोच्या आतच राहतं. टोपल्याच धाडायच्या असतील, तर एकात एक बसणाऱ्या लहान-मोठ्या टोपल्यांचा संच करा.

पहिली बोली किती रुपयांची ठेवावी?

लिलावात कधी कधी एकच बोली लागते आणि माल त्याच भावात द्यावा लागतो. म्हणून पहिली बोली खर्च भरून निघेल अशीच ठेवावी. समजण्यासाठी एक हिशेब मांडू. कापड-रंग ३०० रुपये, तीन दिवसांची मजुरी १५०० रुपये, बांधणी १०० रुपये, एकूण १९००. टपालखर्च १२०० रुपये धरू. बाजार चालवणारी कंपनी आणि पैसे पोचवणारी संस्था मिळून शंभराला पंधरा कापतात असं समजू. ही कापणी मालाच्या किमतीबरोबर गिऱ्हाइकाकडून घेतलेल्या टपालखर्चावरही लागते, आणि इथेच नवा माणूस फसतो. पहिली बोली २२५० ठेवली, तर एकूण ३४५० मधून सुमारे ५१८ कापले जातील, १२०० टपालाला जातील आणि हातात १७३२ उरतील. म्हणजे मजुरीलाच खार लागली. तीच बोली २४५० ठेवली, तर ३६५० मधून कापणी जाऊन ३१०२ मिळतात आणि खर्च कसाबसा भरून निघतो. तुमचे आकडे वेगळे असतील, पण हिशेबाची रीत हीच. स्वतःची मजुरी धरायला विसरू नका.

कागदपत्रं कोणती?

परदेशी माल विकायचा तर आयात-निर्यात कोड क्रमांक, म्हणजेच आय.ई.सी., लागतो. तो पॅन कार्डावर ऑनलाइन मिळतो आणि त्याची फी ५०० रुपये आहे. दरवर्षी एप्रिल ते जून या काळात त्यातली माहिती पुन्हा नक्की करावी लागते, नाहीतर क्रमांक बंद पडतो. बँकेत खातं हवंच. जीएसटी नोंदणी आपल्याला लागते का, हे जाणकार करसल्लागाराला विचारून घ्या.

पूर्वी परदेशी पार्सलासाठी मुंबईच्या परदेश डाक कार्यालयाकडे खेटे घालावे लागत. २०२२ पासून टपाल खात्यानं देशभर डाकघर निर्यात केंद्रं उघडली आहेत. तिथे निर्यातीचं पोस्टल बिल संगणकावर भरता येतं आणि कस्टमची तपासणीही त्याच वाटेनं होते. आपल्याला सर्वांत जवळचं केंद्र कुठलं, ते वसईच्या पोस्टात विचारा.

पार्सलावरच्या कस्टमच्या फॉर्मवर मालाचं खरं नाव आणि खरी किंमत लिहा. नुसतं ‘हस्तकला’ लिहू नका; ‘सुती कापडावर हातानं रंगवलेलं चित्र, नग १’ असं लिहा. गिऱ्हाईक म्हणेल, “किंमत कमी दाखवा, नाहीतर भेटवस्तू म्हणून लिहा.” ऐकू नका. ती खोटी नोंद होते. वर पार्सल हरवलं तर भरपाईही त्या खोट्या किमतीनंच ठरेल.

काय धाडू नये?

पहिलं, माती आणि शेण. भिंतीवरच्या चित्रासारखी आपण कापडालाही शेणा-मातीची पार्श्वभूमी देतो. ऑस्ट्रेलियासारखे देश रोग-कीड येईल या भीतीनं शेण, माती, पेंढा असलेला माल अडवतात, प्रसंगी नष्टही करतात. परदेशासाठी काढायच्या चित्राला बाजारातला कापडाचा रंग वापरा आणि तसं वर्णनात लिहा. पार्सलात भाताचा पेंढा भरू नका, कोरा कागद भरा.

दुसरं, बियाणं आणि रोपं. त्यांना वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागतं. पाकिटात चिमूटभर बी घालून धाडणंही चालत नाही.

तिसरं, मोरपीस, आणि वन्यजीव कायद्याचं संरक्षण असलेले शंख-शिंपले. आपण तुंगारेश्वर अभयारण्याच्या कुशीत राहतो. जंगलात सापडलेली वस्तू विक्रीचा माल नव्हे.

चौथं, जुन्या वस्तू. आपल्या वसईची माती जुनी आहे. नांगरताना एखादं नाणं वर आलं की ते लिलावात टाकायचा मोह होतो. पण १८७८ च्या कायद्याप्रमाणे दहा रुपयांपेक्षा जास्त मोलाचं असं गुप्तधन सापडलं, तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. आणि १९७२ च्या पुरावशेष कायद्यानं शंभर वर्षांहून जुनी मूर्ती, नाणं किंवा कलावस्तू खासगी माणसाला परदेशी धाडता येत नाही. जुन्या पोथ्यांना ही मुदत पंचाहत्तर वर्षांची आहे. आजीच्या देव्हाऱ्यातली समई विकण्याआधी तिचं वय विचारा.

जकात कोण भरणार?

माल तिकडे पोचला की त्या देशाची जकात किंवा कर लागू शकतो. हे नियम बदलतात. अमेरिकेत ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलांना जी सूट होती, ती २९ ऑगस्ट २०२५ पासून काढून घेतली गेली. त्या गोंधळात आपल्या टपाल खात्यानंही २५ ऑगस्टपासून तिकडची बहुतेक पार्सलं घेणं थांबवलं आणि ती सेवा १५ ऑक्टोबरला पुन्हा सुरू झाली. ज्यांचा लिलाव त्या मधल्या दिवसांत संपला, त्यांची काय तारांबळ उडाली असेल! म्हणून सुरुवातीला दोन-तीनच देश निवडा, आणि त्या देशाची सेवा चालू आहे का, जकात आधी भरायची की गिऱ्हाइकानं, हे पोस्टात विचारूनच फोटो टाका. जकात कुणी भरायची, ते वर्णनात स्पष्ट लिहा.

नाव जपा

नव्या विक्रेत्याला सुरुवातीला विक्रीची मर्यादा असते. पहिली दहा-वीस गिऱ्हाइकं काय शेरा लिहितात, त्यावर पुढचं सगळं ठरतं. चित्राचं माप सेंटिमीटर आणि इंच दोन्हींत द्या. डाग असेल तर त्याचाही फोटो टाका. ठावठिकाणा कळणारी टपालसेवाच घ्या. स्वस्त साध्या पाकिटाचा माग लागत नाही, आणि ‘माल पोचला नाही’ अशी तक्रार आली तर तुमच्याकडे पुरावा उरत नाही. पैसे परत द्यावे लागतात. पोस्टाची पावती जपून ठेवा.

“जास्त पैसे पाठवले, उरलेले परत करा” किंवा “दुसऱ्याच पत्त्यावर पाठवा” असं सांगणारा गिऱ्हाईक भेटला, तर सावध व्हा. पैसे जमा झाल्याचा निरोप आला तरी खातं स्वतः उघडून पाहा. ओटीपी कुणालाही सांगू नका.

मंडळी, पहिल्या हंगामात नवं बियाणं आपण सगळ्या शेतात टाकत नाही, एका वाफ्यात टाकून पाहतो. इथेही तसंच करा. एकच चित्र, एकच देश, एकच पार्सल. ते सुखरूप पोचू द्या, पैसे खात्यावर येऊ द्या, खर्चाची पै न् पै वहीत मांडा. हिशेब बसला, तरच दुसरं चित्र लिलावात ठेवा.