जुन्या साडीचं पायपुसणं

आमच्या गटाचं पहिलं पायपुसणं वाटीसारखं वळलं. त्याच्या कडेला अडखळून एकीच्या सासूबाई पडता पडता वाचल्या. तेव्हापासून आम्ही टाके मोजतो.

वापरून मऊ झालेली सुती साडी धुऊन दोन बोटं रुंद पट्ट्या फाडायच्या. क्रोशाच्या जाड सुईने 4 साखळ्यांचं कडं करून त्यात 6 मुके खांब घालायचे. पुढे दर फेरीला 6 वाढवायचे: 12, 18, 24. वाढ फेरीभर सारखी वाटून घ्यायची.

कड वर उचलली, तर टाके कमी पडले किंवा वीण घट्ट झाली. झालरीसारखी चुणली, तर टाके जास्त झाले. तेवढी फेरी उसवायची.

दर दोन फेऱ्यांनी जमिनीवर पसरून बघा. सपाट बसलं, तरच दारात टाका.