झिलाई, खड्यांची

दगडाचा ओबडधोबड तुकडा क्रमाने अधिकाधिक बारीक होत जाणाऱ्या अपघर्षकाने (घासून झीज घडवून आणणाऱ्या कठीण चूर्णाने) घासून त्याचा पृष्ठभाग चकचकीत करण्याच्या क्रियेस खड्यांची झिलाई म्हणतात. ती चाकावर एकेक खडा धरून करता येते किंवा पुष्कळ खडे पाणी व अपघर्षक यांसह फिरत्या पिंपात एकत्र घोळून करता येते. दुसऱ्या पद्धतीत खड्यास ठरावीक आकार देता येत नाही. तथापि नदीच्या पात्रात शेकडो वर्षांत घडून येणारी झीज काही आठवड्यांत साधते.

खड्यांचा कच्चा माल : पुणे व त्याभोवतालचा प्रदेश दक्षिण ट्रॅपच्या बेसाल्ट खडकांचा असून ते सु. ६·६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्यापासून बनले आहेत. लाव्ह्यातील वायू निसटून राहिलेल्या पोकळ्यांत मागाहून क्वॉर्ट्‌झ, कॅल्सेडोनी, अकीक, जॅस्पर ही सिलिकामय खनिजे तसेच झिओलाइटे साचली. खडक झिजल्यावर सिलिकामय खनिजे गारगोट्यांच्या रूपाने सुटी होतात व मुळा, मुठा, भीमा, घोड या नद्यांच्या वाळू-गोट्यांत सापडतात. त्यांची कठिनता ६·५–७ असून त्यांत पाटन (ठरावीक पातळ्यांत फुटण्याची प्रवृत्ती) नसते, म्हणून ती झिलाईस उत्तम असतात. पाषाण, वाघोली इ. ठिकाणच्या खाणींत मिळणारी ॲपोफिलाइट, स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट, कॅव्हान्साइट ही खनिजे मात्र मऊ (कठिनता ३–५) असून बहुतेकांस चांगले पाटन असते. पिंपात घातल्यास त्यांचा चुरा होतो. त्यांचे मोल स्फटिकांच्या नैसर्गिक आकारातच असल्याने त्यांस झिलाई करू नये.

ऑब्सिडियन : सिलिकेचे प्रमाण जास्त (सु. ७०% किंवा अधिक) असलेला लाव्हा अत्यंत घट्ट असतो. तो जलद निवला, तर त्यातील अणूंना स्फटिकरूपाने रचले जाण्यास अवसर मिळत नाही व नैसर्गिक काच बनते. तिला ऑब्सिडियन म्हणतात. रंग सामान्यतः काळा, कठिनता ५–५·५, वि. गु. सु. २·४, चमक काचेसारखी, भंजन शंखाभ व कडा अतिशय धारदार. दक्षिण ट्रॅपचा लाव्हा मुख्यत्वे बेसाल्टी, म्हणजे सिलिका कमी असलेला व पातळ असल्याने पुणे परिसरात ऑब्सिडियनाचे खडक नाहीत; झिलाईसाठी ते बाहेरून आणावे लागते. मात्र त्याच्याशी संघटनाने मिळतीजुळती काच या जिल्ह्यात अन्य रूपाने आढळते. कुकडी नदीकाठी बोरी (ता. जुन्नर) व कऱ्हा नदीकाठी मोरगाव (ता. बारामती) येथील गाळात ज्वालामुखी राखेचे थर आहेत. ही राख सुमात्रातील टोबा ज्वालामुखीची असून ती कोणत्या उद्रेकाची, यासंबंधी मतभेद आहेत : काहींच्या मते ती सु. ७५,००० वर्षांपूर्वीची, तर काहींच्या मते त्याहून पुष्कळ जुनी आहे. तिचे कण सूक्ष्म असल्याने त्यांचे खडे होणे शक्य नाही.

इतिहास : तुर्कस्तानातील चाताल हूयूक या नवाश्मयुगीन वसाहतीत झिलाई केलेले ऑब्सिडियनाचे आरसे मिळाले आहेत. मेक्सिकोतील ॲझटेक लोकही असे आरसे करीत. महाराष्ट्रात हीच कला कॅल्सेडोनी, अकीक, कार्नेलियन व जॅस्पर यांवर वाढली. घोड नदीकाठच्या इनामगाव (ता. शिरूर) येथे पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ पासून केलेल्या उत्खननांत ताम्रपाषाणयुगीन (इ. स. पू. सु. १६००–७००) वसाहत उजेडात आली, तेथे कॅल्सेडोनीची पाती व रंगीत दगडांचे मणी मिळाले. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील पेरिप्लस या ग्रीक प्रवासवर्णनात पैठणहून भडोच बंदराकडे अकीकवर्गीय दगड मोठ्या प्रमाणात जात असल्याचा उल्लेख आहे. गुजरातमधील खंबायत येथे हा व्यवसाय आजही चालतो. तेथे पूर्वी मणी, एमरीचे चूर्ण व पाणी चामड्याच्या पिशवीत भरून दोन माणसे ती सु. पंधरवडाभर एकमेकांकडे लोटीत. आजचे फिरते पिंप हे त्याच युक्तीचे यांत्रिक रूप होय.

कृती : पिंप रबराचे किंवा आतून रबराचे अस्तर असलेले असून ते विद्युत् चलित्राने रुळांवर आडवे फिरविले जाते. ते खड्यांनी सु. दोन-तृतीयांश ते तीन-चतुर्थांश भरतात व खडे जेमतेम बुडतील इतके पाणी घालतात. पिंप फार रिकामे असल्यास खडे उंचावरून आदळून फुटतात. गच्च भरल्यास ते एकमेकांवर घसरत नाहीत. गतीसंबंधीही असाच मध्यम मार्ग आवश्यक असतो, कारण गती फार वाढल्यास केंद्रोत्सारी प्रेरणेने खडे भिंतीस चिकटून राहतात व घर्षण थांबते. एका भरतीत कठिनतेने सारखे, पण आकारमानाने लहानमोठे खडे असावेत. लहान खड्यांमुळे मोठ्यांच्या खोबणींपर्यंत अपघर्षक पोहोचतो.

सामान्यतः चार टप्पे असतात. पहिल्या टप्प्यात सिलिकॉन कार्बाइडाचे जाडे चूर्ण (क्र. ६०–९०) वापरून कोपरे व खाचा घालवितात. दुसऱ्यात मध्यम (क्र. १२०–२२०) व तिसऱ्यात बारीक (क्र. ५०० किंवा अधिक) चूर्ण वापरतात. चौथ्यात ॲल्युमिनियम ऑक्साइड किंवा सिरियम ऑक्साइड यांनी झिलाई करतात. प्रत्येक टप्प्यास सु. एक आठवडा लागतो; कठीण अकिकास पहिल्या टप्प्यात याहून अधिक काळ लागू शकतो. दर टप्प्यानंतर खडे व पिंप काळजीपूर्वक धुतात, कारण जाड्या चूर्णाचा एखादा कणही पुढील टप्प्यात ओरखडे पाडतो. भेगा पडलेला खडा याच वेळी काढून टाकतात. पिंपातील गाळ मोरीत ओतल्यास घट्ट बसून ती तुंबते, म्हणून तो वेगळा साठवून टाकावा.

ऑब्सिडियन ठिसूळ असल्याने त्याला अधिक जपावे लागते. ते अकिकाबरोबर घोळल्यास कठीण अकिकाच्या आघातांनी त्याच्या कडांवर अर्धचंद्राकृती टवके उडतात. म्हणून ते वेगळे घोळतात, पिंप किंचित अधिक भरतात, गती मंद ठेवतात व आघात शोषण्यासाठी प्लॅस्टिकचे किंवा चिनी मातीचे लहान दाणे मिसळतात. काही कारागीर मिश्रण दाट व्हावे म्हणून त्यात साखर घालतात. शेवटच्या टप्प्यास सिरियम ऑक्साइड विशेष उपयुक्त ठरते. अखेरीस साबणाच्या पाण्यात काही तास घोळल्याने उरलेली पूड निघून जाते.

झिलाईचे स्वरूप : पृष्ठावरील उंचसखलपणा प्रकाशाच्या तरंगलांबीच्या (सु. ०·४–०·७ मायक्रोमीटर) मानाने मोठा असेपर्यंत प्रकाश विखुरतो व खडा धुरकट दिसतो. उंचसखलपणा त्याहून पुष्कळ कमी झाला की प्रकाशाचे नियमित परावर्तन होऊन चमक दिसते. झिलाई म्हणजे केवळ अधिकाधिक बारीक ओरखडे, असे पूर्वी मानीत. पृष्ठावरील द्रव्य प्रवाहासारखे पसरून खळगे भरते, असे मत विसाव्या शतकाच्या आरंभी बील्बी यांनी मांडले. काचेच्या बाबतीत पाण्यामुळे पृष्ठाचा अतिशय पातळ थर मऊ होतो व सिरियम ऑक्साइड रासायनिक आणि यांत्रिक अशा दोन्ही क्रियांनी तो काढून टाकते, असे आता मानतात. ओला खडा चमकतो, पण वाळल्यावर मंद दिसतो. म्हणून झिलाईची परीक्षा खडा पूर्ण वाळवूनच करावी.

दक्षता : कोरड्या अवस्थेत अकीक कापताना, घासताना किंवा त्यास भोक पाडताना उडणारी स्फटिकी सिलिकेची धूळ श्वासावाटे फुप्फुसांत साचून सिलिकामयता हा असाध्य रोग होतो. खंबायत येथील अकीक कारागिरांत व यंत्राजवळ राहणाऱ्या त्यांच्या कुटुंबीयांत तो आढळला आहे. ओल्या पद्धतीने धूळ उडत नाही, हा पिंपाचा मोठा लाभ होय. मात्र सांडलेला गाळ वाळू न देता ओल्या फडक्यानेच पुसावा. ऑब्सिडियन फोडताना चष्मा व हातमोजे वापरणे जरूर असते.

दुसरी दक्षता पुणे जिल्ह्याच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. येथील नदीकाठी सापडणारा कॅल्सेडोनीचा तुकडा अश्मयुगीन सूक्ष्मास्त्र किंवा त्याचा गाभा असू शकतो. त्याच्या कडेवरील छिलक्यांचे व्रण आणि तो सापडला ते स्थान हाच त्याचा पुरावा असतो. पिंपात पहिल्याच आठवड्यात हे व्रण कायमचे पुसले जातात व मागे केवळ एक चकचकीत खडा उरतो. म्हणून एका बाजूस समांतर छिलके काढल्याच्या खुणा असलेले तुकडे जागचे न हलविता त्यांची माहिती पुरातत्त्वज्ञांस देणे इष्ट असते.