विमानताफ्याची निवृत्ती आणि वैमानिकांची सेवाज्येष्ठता : एक विवेचन

प्रस्तावना

धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) जिल्ह्याने वाहनांचा एक संपूर्ण ताफा कालबाह्य होताना पाहिला आहे. येडशी, ढोकी या स्थानकांवरून लातूरकडे जाणारी बार्शी लाइट रेल्वेची अरुंद मापाची गाडी इतिहासजमा झाली, २००८ पर्यंत कुर्डुवाडी–लातूर मार्ग रुंद मापाचा झाला आणि धाराशिव शहरही रेल्वेच्या नकाशावर आले. अशा स्थित्यंतराची चर्चा प्रवाशांची सोय, खर्च आणि वेग यांच्या अंगाने होते. जुने वाहन चालविण्यात ज्यांनी कौशल्य मिळविले, त्यांच्या सेवेचे पुढे काय होते, हा प्रश्न सहसा मागे पडतो. विमान वाहतुकीच्या क्षेत्रात हा प्रश्न सर्वाधिक तीव्र स्वरूपात उभा राहतो. विमानांचा एखादा प्रकार सेवेतून काढून घेतल्यास वैमानिकांच्या सेवाज्येष्ठतेवर व कामाच्या नेमणुकीवर कोणते परिणाम होतात, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. त्यासाठी मुख्यतः मुंबईशी निगडित एअर इंडियाचा अनुभव आधारास घेतला आहे.

वैमानिकाची पात्रता आणि विमानाचा प्रकार

राज्य परिवहन महामंडळाच्या तुळजापूर किंवा उमरगा आगारातील एखादी बस मोडीत निघाली, तर तिच्या चालकाला दुसरी बस देता येते. जड प्रवासी वाहनाचा परवाना त्याला पुरेसा असतो. वैमानिकाच्या बाबतीत असे घडत नाही. भारतात २०० तासांच्या उड्डाणानंतर व्यावसायिक वैमानिकाचा परवाना आणि १५०० तासांनंतर विमान कंपनीच्या कप्तानपदासाठी लागणारा परवाना मिळविता येतो. परंतु मोठे जेट विमान चालविण्यासाठी त्या विशिष्ट प्रकाराची स्वतंत्र मान्यता आवश्यक असते. तिला टाइप रेटिंग म्हणतात. त्यासाठी वर्गातील अभ्यास, सिम्युलेटरवरील सराव व परीक्षा आणि त्यानंतर प्रशिक्षक-कप्तानासोबत प्रत्यक्ष उड्डाणे असा क्रम पूर्ण करावा लागतो. मिळालेली पात्रता टिकविण्यासाठीही ९० दिवसांत किमान तीन उड्डाणे व तीन अवतरणे करावी लागतात.

म्हणून विमानाचा प्रकार निवृत्त होताच त्यावरील वैमानिकाची तत्काळ उपयुक्तता संपते. बोइंग ७४७ चा वीस वर्षांचा अनुभवी कप्तान दुसऱ्या दिवशी एअरबस ए-३२० चालवू शकत नाही. याउलट ए-३१९, ए-३२० व ए-३२१ ही विमाने एकाच टाइप रेटिंगखाली येत असल्याने त्यांपैकी एक प्रकार काढून दुसरा आणला, तर वैमानिकांची फारशी हलवाहलव होत नाही. कोणते विमान गेले यापेक्षा त्याच्या जागी कोणत्या घराण्याचे विमान आले, यावर परिणामाची तीव्रता अवलंबून असते.

सेवाज्येष्ठतेचे स्वरूप

वैमानिकाचे ज्येष्ठतायादीतील स्थान सामान्यतः कंपनीत रुजू झाल्याच्या दिनांकावरून ठरते. सहवैमानिकाचा कप्तान केव्हा होईल, मोठ्या विमानाच्या प्रशिक्षणास कोणाला प्रथम पाठवावे, कोणत्या शहरात तळ मिळेल, मासिक कामवाटपात निवडीचा हक्क कोणाचा, या बाबींवर त्या क्रमांकाचा प्रभाव पडतो. वेतनातील मोठा भाग प्रत्यक्ष उड्डाणतासांशी निगडित असल्यास हा क्रमांक मिळकतीवरही परिणाम करतो.

तथापि एक भेद ध्यानात घेणे अगत्याचे आहे. ज्येष्ठता ही रांगेतील स्थानाची हमी असते, आसनाची नव्हे. रांगेतील क्रम अबाधित राहूनही आसने कमी झाली, तर प्रत्येकाच्या क्रमांकाचे मोल बदलते. ताफ्याच्या निवृत्तीमुळे नेमके हेच घडते.

विस्थापनाची साखळी

ही प्रक्रिया एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, एका कंपनीत मोठ्या विमानांवर ४० कप्तान व ४० सहवैमानिक, तर लहान विमानांवर १०० कप्तान व १०० सहवैमानिक आहेत. ज्येष्ठतेचा क्रम मोठ्या विमानांचे कप्तान, लहान विमानांचे कप्तान, मोठ्या विमानांचे सहवैमानिक व शेवटी लहान विमानांचे सहवैमानिक असा आहे. कंपनीने मोठी विमाने निवृत्त केली आणि त्यांच्या जागी काहीही आणले नाही. आता २८० वैमानिकांसाठी २०० आसने उरतात.

ज्येष्ठतेचा नियम काटेकोरपणे लावल्यास मोठ्या विमानांचे ४० कप्तान लहान विमानांच्या कप्तानपदावर येतात. त्यामुळे तेथील ४० कनिष्ठ कप्तानांना सहवैमानिकाच्या आसनावर उतरावे लागते. मोठ्या विमानांचे ४० सहवैमानिकही लहान विमानांवर येतात. परिणामी सहवैमानिकांच्या १०० आसनांपैकी ८० आसने व्यापली जातात, मूळच्या सहवैमानिकांपैकी केवळ २० जण टिकतात आणि उरलेले ८० अतिरिक्त ठरतात. ज्या ८० जणांचे काम जाते, त्यांपैकी एकानेही निवृत्त झालेले विमान चालविलेले नसते. शिवाय ८० जणांना नव्या प्रकाराचे पूर्ण प्रशिक्षण व ४० जणांना बदललेल्या आसनाचे प्रशिक्षण द्यावे लागते. सिम्युलेटर व प्रशिक्षक मर्यादित असल्यामुळे हे संक्रमण अनेक महिने चालते, आणि त्या काळात वेतन घेणारे परंतु उड्डाण न करणारे वैमानिक कंपनीकडे साठत जातात.

अमेरिकेतील मोठ्या कंपन्यांत अशा विस्थापनाचे नियम वैमानिक संघटनांशी झालेल्या करारातच नमूद असतात. २०२० मध्ये डेल्टा कंपनीने कोविड साथीच्या काळात आपली सर्व १८ बोइंग ७७७ विमाने सेवेतून काढली, तेव्हा त्यांवरील वैमानिकांना याच मार्गाने अन्य ताफ्यांकडे वळावे लागले.

एअर इंडियाचा अनुभव

एअर इंडियाच्या इतिहासात ताफाबदलाचे टप्पे वारंवार आले. १९६२ मध्ये पंख्याची सुपर कॉन्स्टेलेशन विमाने बाजूला करून कंपनीने संपूर्ण ताफा जेट विमानांचा केला. १९७१ मध्ये बोइंग ७४७ दाखल झाले. त्याच्या आरंभीच्या प्रकारांत दोन वैमानिकांसह फ्लाइट इंजिनिअर हा तिसरा अधिकारी असे. १९९३ पासून आलेल्या ७४७-४०० मध्ये त्याचे काम संगणकीय यंत्रणेकडे गेले. पुढे जुनी विमाने निवृत्त झाली तेव्हा त्या पदाची आसनेच उरली नाहीत. ज्येष्ठतायादी पूर्ण शाबूत आणि तिच्यातील पहिल्या क्रमांकालाही जागा नाही, अशी ही टोकाची अवस्था होय.

२००७ मध्ये एअर इंडिया व इंडियन एअरलाइन्स यांचे विलीनीकरण झाले आणि प्रश्नाला नवे परिमाण लाभले. एका कंपनीचा भर आंतरराष्ट्रीय मार्गांवरील मोठ्या विमानांवर, तर दुसरीचा देशांतर्गत मार्गांवरील एअरबस विमानांवर होता. दोहोंकडे कप्तानपद मिळण्याची गती भिन्न असल्याने समान सेवाकाळ म्हणजे समान पद असे समीकरण मांडता येत नव्हते. विलीनीकरणातून उद्भवलेल्या सेवाविषयक प्रश्नांसाठी २०११ मध्ये न्यायमूर्ती धर्माधिकारी समिती नेमण्यात आली व तिने जानेवारी २०१२ मध्ये अहवाल दिला.

याच सुमारास बोइंग ७८७ ही नवी विमाने येऊ घातली होती. त्यांचे प्रशिक्षण पूर्वाश्रमीच्या इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांनाही देण्याच्या निर्णयास इंडियन पायलट्स गिल्ड या संघटनेने विरोध केला. मे २०१२ मध्ये सुरू झालेला संप जुलैच्या आरंभापर्यंत चालला. पहिले ७८७ विमान सप्टेंबरमध्ये पोहोचले. वादाचा विषय वरकरणी प्रशिक्षणाचा होता. प्रत्यक्षात जुनी मोठी विमाने कमी होत जाणार आणि पुढील कप्तानपदे नव्या विमानांवरच निर्माण होणार, हे दोन्ही बाजूंना दिसत होते. प्रशिक्षणाचा क्रम म्हणजेच भावी आसनांचा क्रम होता.

पुढे ७४७-४०० ची सेवाही संपली आणि एप्रिल २०२४ मध्ये त्यांपैकी विकलेल्या विमानाने मुंबई सोडली. तत्पूर्वी जानेवारी २०२२ मध्ये कंपनी टाटा समूहाकडे गेली होती. नोव्हेंबर २०२४ मध्ये विस्तारा तिच्यात विलीन झाली. दोन वेगवेगळ्या सेवापरंपरा एका यादीत बसविण्याचा प्रश्न त्यामुळे पुन्हा समोर आला.

संपूर्ण ताफाच नाहीसा झाल्यास

मुंबईत मुख्यालय असलेल्या जेट एअरवेजची उड्डाणे एप्रिल २०१९ मध्ये आणि गो फर्स्टची मे २०२३ मध्ये थांबली. अशा वेळी कंपनीबरोबर ज्येष्ठतायादीही निरर्थक होते. वैमानिकाचा परवाना, टाइप रेटिंग व उड्डाणतास त्याच्या नावावर राहतात. परंतु सेवेची वर्षे दुसऱ्या कंपनीत नेता येत नाहीत. अनुभवाच्या बळावर कप्तानपद मिळाले तरी तेथील यादीत त्याचे नाव सामान्यतः तळाशी जाते, आणि पुढील मंदीत कपात झाल्यास तोच प्रथम बाधित होण्याचा संभव असतो. वैमानिक चांगल्या वेतनाची संधी सोडूनही एकाच कंपनीत का टिकून राहतात, याचे एक कारण येथे आढळते.

न्याय्य संक्रमणाच्या अटी

उपरोक्त विवेचनावरून तीन बाबी संभवतात. पहिली, कोणी कोणाला विस्थापित करावयाचे याचा नियम विमाने विक्रीस काढण्यापूर्वी निश्चित झालेला असावा; नंतर ठरविलेला नियम कोणाच्या तरी विरोधात ठरविल्यासारखा भासतो. दुसरी, प्रशिक्षणाच्या प्रतीक्षाकाळात उड्डाणतासांअभावी होणारी वेतनहानी मर्यादित ठेवावी. कारण ती वैमानिकाच्या उणिवेमुळे उद्भवलेली नसते. तिसरी, ज्येष्ठतेला सुरक्षिततेची मर्यादा असावी. एकूण अनुभव मोठा असला तरी नव्या प्रकारावर वैमानिक काही काळ नवखाच असतो. म्हणून दोन नवखे एकाच कॉकपिटमध्ये येणार नाहीत अशी नेमणूक करावी लागते, मग यादी काहीही सांगो.

समारोप

महाविद्यालयीन अध्यापकांना हा प्रश्न सर्वस्वी परका नाही. एखाद्या विषयाची विद्यार्थिसंख्या घटून कार्यभार कमी होतो, तेव्हा त्या विषयाच्या ज्येष्ठ प्राध्यापकाला केवळ ज्येष्ठतेच्या आधारे दुसऱ्या विषयाचे अध्यापन देता येत नाही. आणि त्याच विभागातील कनिष्ठ सहकाऱ्याला प्रथम झळ पोहोचते. दोन्ही क्षेत्रांत पात्रता विशिष्ट आणि ज्येष्ठता सर्वसाधारण असल्यामुळे हा पेच निर्माण होतो. विमान निवृत्त करण्याचा निर्णय इंधनखर्च, देखभाल व विमानाचे वय पाहून घेतला जातो आणि तो बहुधा योग्यही असतो. त्या हिशेबात यादीच्या तळाशी असलेल्या, ते विमान कधीही न चालविलेल्या तरुण सहवैमानिकाचा विचार मात्र निर्णयाच्या वेळीच समाविष्ट व्हावयास हवा. कारण विमाने विकली गेल्यानंतर त्याच्यासाठी करण्याजोगे फारसे काही शिल्लक राहत नाही.