वापरलेल्या वस्तूंचा समुद्र

जुन्या वस्तू जमवून घरात समुद्री माशांची टाकी करायची, तर तिचं पाणी समुद्राइतकं जड झालं का ते मोजता यायला हवं. दूध आणि समुद्राचं पाणी यांचं वजन जवळजवळ सारखं भरतं, हे नुसतं सांगितलं तर पोरांनो, तुम्हाला पटायचं नाही. म्हणून हा लॅक्टोमीटर काढून ठेवलाय. डेअरीत दूध तपासतात तोच. आपल्या सांगली जिल्ह्यात गावोगावी दूध संकलन केंद्रं आहेत, तेव्हा जुना पण न तडकलेला लॅक्टोमीटर मिळायला अडचण नाही. फक्त त्यावर आकडे असलेलाच घ्यायचा. चांगल्या दुधात सोडला की तो २८ ते ३२ च्या दरम्यान थांबतो, म्हणजे दूध पाण्याच्या १.०२८ ते १.०३२ पट जड. समुद्राचं पाणी १.०२५-१.०२६ पट. दुधाच्या पट्टीवरच, दोन-चार घरं खाली समुद्र सापडतो. पाणी तापलं की हलकं होतं, म्हणून मोजताना शेजारी थर्मामीटर ठेवायचा, आणि एकदा कुणाच्या तरी खारटपणा मोजायच्या रिफ्रॅक्टोमीटरशी ताडून बघायचं.

"आबा, पण समुद्र आणायचा कुठनं? रत्नागिरीवरनं?"

आणता येईल की. कोल्हापूर, आंबा घाट, रत्नागिरी. पण तीन फूट लांब, एक फूट रुंद, सव्वा फूट उंच टाकीत शंभरावर लिटर पाणी मावतं, आणि तेवढं पाणी म्हणजे शंभर किलोंच्या वर वजन. बंदराजवळ भरावं तर त्यात डिझेलचा तवंग, पावसाळ्यात भरावं तर नद्यांनी ते पातळ केलेलं. त्यापेक्षा समुद्र इथंच कालवायचा. लिटरला साधारण ३५ ग्रॅम मीठ, शंभर लिटरला साडेतीन किलो.

मात्र ते स्वयंपाकघरातलं मीठ नव्हे. समुद्रातल्या क्षारांत सोडियम आणि क्लोराइड मिळून ८५ टक्क्यांच्या आसपास असतात. उरलेल्यात सल्फेट, मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम आणि कितीतरी बारीकसारीक जिन्नस. या उरलेल्यांवाचून शंखाला कवच बांधता येत नाही की कोळंबीला कात टाकता येत नाही. १८७२ ते १८७६ या काळात 'चॅलेंजर' नावाचं इंग्रजी जहाज जगभरच्या समुद्रांतून फिरलं आणि पाण्याचे नमुने घेऊन आलं. विल्यम डिटमार या रसायनशास्त्रज्ञानं त्यांतले ७७ नमुने तपासले, १८८४ मध्ये निकाल छापला. काय निघालं? कुठल्या समुद्राचं पाणी जास्त खारट, कुठल्याचं कमी, पण मुख्य क्षारांचं एकमेकांशी प्रमाण सगळीकडे जवळपास तेच. महासागर एकमेकांत इतके घुसळले गेलेत. म्हणून तर 'समुद्री मीठ' पाकिटात भरून विकता येतं. ही एक वस्तू मात्र नवी घ्यायची, तिच्यात काटकसर नाही.

हे क्षार समुद्रात आले कुठनं, ठाऊक आहे? क्लोराइड बरंचसं ज्वालामुखींच्या वायूंतून. सोडियम, कॅल्शियम आले खडकांतून. आपली कृष्णा महाबळेश्वरला उगम पावते. तिथनं अरबी समुद्र साठ-पासष्ट किलोमीटरवर, पण ती त्याच्याकडे पाठ फिरवते आणि वाई, कऱ्हाड, सांगली करत चौदाशे किलोमीटर चालून आंध्रात हंसलदीवीला बंगालच्या उपसागराला मिळते. वाटेत सह्याद्रीचा काळा पाषाण विरघळवत, चिमूट चिमूट वाहून नेते. समुद्राचं पाणी वाफ होऊन ढगात जातं, मोसमी वारं त्याला परत घाटावर आणतं, पण मीठ तिथंच राहतं. सोडियमचा एखादा कण समुद्रात शिरला तर कोट्यवधी वर्षं बाहेर पडत नाही. आपल्या कुपवाडच्या नळाला येणारं पाणी नदीचं, म्हणजे समुद्राला जाता जाता आपण अडवलेलं.

आता टाकी. माळ्यावर पडलेली, कुणाची हौस फिटली म्हणून रिकामी झालेली टाकी निम्म्याहून कमी किमतीत मिळते. काच जुनी झाली म्हणून बिघडत नाही, बिघडतो तो सांध्यातला सिलिकॉन. कोपऱ्यात नखानं दाबून बघायचं. तो पांढुरका पडलेला असेल, कड सुटून आलेली असेल, तर ब्लेडनं पूर्ण खरवडून काढायचा. जुन्यावर नवा थर मारला तर तो धरत नाही, दोन दिवस धरल्यासारखा दिसतो एवढंच. नवा सिलिकॉन घेताना खिडक्यांचा, बुरशीनाशक घातलेला नको. ते औषध माशांच्या जिवावर उठतं. साध्या सिलिकॉनला सुकताना व्हिनेगरसारखा आंबट वास येतो. तो वास पूर्ण गेल्याशिवाय पाणी भरायचं नाही. काचेवरचे पांढरे डाग क्षारांचे असतात, ते व्हिनेगरनंच निघतात, साबण लावायचा नाही. मग अंगणात सपाट जागी, खाली थर्मोकोल घालून, साध्या पाण्यानं काठोकाठ भरून दोन-चार दिवस तशीच ठेवायची आणि खाली कोरडा कागद. कागद ओला झाला नाही तरच टाकी घरात.

आणि टाकीच्या जुन्या मालकाला एक गोष्ट आवर्जून विचारायची: यात तांब्याचं औषध कधी वापरलं होतं का? माशांच्या अंगावरचे परजीवी मारायला ते घालतात. तांबं वाळूत आणि सिलिकॉनमध्ये मुरतं आणि पुढं हळूहळू सुटत राहतं. माशाला ते एक वेळ सोसेल, कोळंबीला आणि गोगलगायीला नाही. गंमत बघा, यांच्या रक्तात प्राणवायू वाहणारं जे द्रव्य आहे त्यात आपल्यासारखं लोह नसून तांबंच असतं, म्हणून त्यांचं रक्त निळसर दिसतं. ज्या धातूवर श्वास चालतो तोच पाण्यात मोकळा सापडला तर प्राण घेतो. होकार आला तर टाकीत फक्त मासे ठेवायचे, आणि वाळू तर घ्यायचीच नाही.

कुपवाडला एमआयडीसी असल्यामुळे निळे प्लॅस्टिकचे ड्रम भंगारात स्वस्त मिळतात. पण आत आधी काय होतं हे कळल्याशिवाय ड्रमला हात लावायचा नाही. खाण्याचा जिन्नस भरलेलाच चालतो. लोखंड, पितळ, जस्ताचा पत्रा यांतलं काहीही खाऱ्या पाण्याला लागू द्यायचं नाही. तळाला कोंबड्यांच्या खाद्यात घालतात तो शिंपल्यांचा चुरा, पाणी नितळ येईपर्यंत धुतलेला. दगडांच्या जागी फुटक्या, रंग न दिलेल्या कौलांचे तुकडे, आडवेतिडवे रचलेले. त्यांची सूक्ष्म भोकं पुढं फार कामाला येणार आहेत.

"पण लोक तर प्रवाळ ठेवतात आबा, रंगीत."

आपल्याकडे नाही ठेवायचं, बाळ. भित्ती बांधणारे सगळे प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहेत, वाघाच्या पंगतीत. समुद्री घोडाही तसाच. मालवणच्या समुद्रात प्रवाळ आहेत, त्यांनी तिथंच राहावं. कुणी विकायला आणलं तरी घ्यायचं नाही.

वापरलेल्या पाण्याची एक खरी गोष्ट सांगतो. १८४६ साली ॲना थिन नावाची बाई इंग्लंडच्या टॉर्कीच्या किनाऱ्यावरून काही जिवंत प्रवाळ दगडी बरणीत घालून लंडनला घेऊन आली. समुद्र लांब, ताजं पाणी रोज कोण आणणार? तिनं आहे तेच पाणी वापरायचं ठरवलं. तिच्या घरची मोलकरीण उघड्या खिडकीशी उभी राहून ते पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतायची, पुन्हा पहिल्यात, रोज कितीतरी वेळ. पाण्यात हवा मिसळायची. पुढच्या वर्षी बाईनं त्यात समुद्री शेवाळ घातलं आणि ते प्रवाळ लंडनमध्ये जगले. त्या मोलकरणीचं नाव मला कुठं वाचायला मिळालं नाही, पण आज ज्याला आपण एअर पंप म्हणतो ते काम तिच्या हातांनी केलं. आपला पंप जुना घ्यायला हरकत नाही. आतला रबरी पडदा फाटलेला असतो, तो बदलला की पंप परत चालतो. वायर मात्र आधी खाली झोळ घेऊन मग सॉकेटला जायला हवी, म्हणजे ओघळ आलाच तर तो जमिनीवर पडेल, प्लगात शिरणार नाही. खाऱ्या पाण्यातून वीज फार सहज जाते.

आता खरा चमत्कार. टाकी भरली, मीठ विरघळलं, लॅक्टोमीटर २५ वर आला, पाणी काचेसारखं स्वच्छ झालं. लगेच मासा सोडला तर आठवड्याच्या आत मरतो. पाण्यात घाण दिसत नाही, तरी मरतो. कारण मासा कल्ल्यांतून सतत अमोनिया टाकतो, आणि समुद्राच्या पाण्याचा सामू ८ च्या वर असल्यामुळे तो अमोनिया गोड्या पाण्यापेक्षा जास्त विषारी ठरतो. खऱ्या समुद्रात हे विष साठत नाही, कारण ते खाऊन जगणारे जिवाणू तिथं आहेत. एका जातीचे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात. तेही विषच. दुसऱ्या जातीचे त्याचं नायट्रेट करतात, ते बऱ्यापैकी निरुपद्रवी. सर्गेई विनोग्राड्स्की या रशियन शास्त्रज्ञानं १८९० च्या सुमारास झुरिकमध्ये हे जिवाणू वेगळे काढून दाखवले. तोवर समज असा की हवेतला कार्बन घेऊन अन्न करायचं तर ऊन हवंच, हिरवं पान हवंच. हे जिवाणू अंधारात, अमोनिया जाळून त्या ऊर्जेवर स्वतःचं अंग घडवतात.

पण ते वाढतात सावकाश. नासक्या दुधातले जिवाणू वीस-तीस मिनिटांत दुप्पट होतात, यांना एकदा दुप्पट व्हायला कित्येक तास, कधी दिवस लागतो. म्हणून रिकाम्या टाकीत मिरजेच्या बाजारातल्या कोळंबीचा एक तुकडा टाकायचा आणि तो सडू द्यायचा. अमोनिया चढतो, मग उतरतो. नायट्राइट चढतं, मग उतरतं. दोन्ही शून्यावर यायला महिना, दीड महिना जातो. तपासणीचा संच घेऊन दर दोन दिवसांनी वहीत आकडे लिहायचे. ते काम धाकटीकडे.

इथंच वापरलेल्या वस्तूची खरी किंमत कळते. हे जिवाणू पाण्यात तरंगत नाहीत, पृष्ठभागाला चिकटून राहतात: कौलाच्या भोकांत, वाळूच्या कणांवर, फिल्टरच्या स्पंजात. चालू असलेल्या खाऱ्या टाकीतला मळकट, तपकिरी, दिसायला किळसवाणा स्पंज कुणी दिला, तर तो दुकानातल्या कुठल्याही कोऱ्या फिल्टरपेक्षा मोलाचा. त्यात वर्षानुवर्षांची वस्ती आहे. जुनं पाणी मागून आणण्यात अर्थ नाही, स्पंज आणायचा. तोही त्याच टाकीच्या पाण्यात बुडवून, त्याच दिवशी. नळाखाली धुतला की क्लोरीननं वस्ती संपली. गोड्या पाण्याच्या टाकीतला आणून खाऱ्यात टाकला तरी तिची वाताहत होते. १९६१ मध्ये जाकार्ताच्या ली चिन एंग यांनी अमेरिकेतल्या मासिकात लिहून दाखवलं होतं की समुद्रातले जिवंत दगड आणि हवेचे बुडबुडे एवढ्यावर समुद्री मासे उत्तम राहतात. दगडांवर राहणारे जीव टाकी सांभाळत होते. आपल्याला ते दगड घ्यायचे नाहीत, पण त्यांचं काम कौलं करतील. वेळ जास्त लागेल, लागू दे.

एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशीला टेकतो आणि या माशांना पाणी २५ ते २८ अंश हवं. चिलर महाग. एखाद्या जुन्या संगणकातला छोटा पंखा पाण्यावर वारा घालेल असा बसवला की बाष्पीभवनानं पाणी दोन-तीन अंश उतरतं. पण जी वाफ जाते ती गोड्या पाण्याची, मीठ मागं उरतं, आणि टाकी दिवसागणिक खारट होते. मघाशी समुद्राचं सांगितलं तेच. काचेवर पट्टी चिकटवून ठेवायची आणि तिच्यापर्यंत रोज आरओचं साधं पाणी घालायचं, खारं नव्हे. पाऊस जे समुद्रासाठी करतो ते इथं तुम्ही करायचं, सकाळी शाळेला जायच्या आधी.

"मासे खारट पाणी पितात का?"

पितात, आणि त्यांना प्यावंच लागतं. समुद्री माशाचं रक्त समुद्राच्या जेमतेम एक तृतीयांश खारट. त्यामुळे त्याच्या अंगातलं पाणी सतत बाहेर ओढलं जातं. पाण्यात राहून तो कोरडा पडत असतो, म्हणून घोट घोट पितो आणि जादा मीठ कल्ल्यांतल्या खास पेशी बाहेर फेकतात. कृष्णेतल्या माशाचं उलटं: पाणी अंगात घुसत राहतं, म्हणून तो पीत नाही म्हटलं तरी चालेल आणि भरपूर पातळ लघवी करतो. एकाला दुसऱ्याच्या पाण्यात सोडलं तर बहुतेक वेळा मरतो तो यामुळे.

तर सुरुवातीला मासे दोनच, विदूषक मासे, पांढऱ्या पट्ट्यांचे नारिंगी. समुद्रातून पकडलेले नको, पैदास केलेले हवेत. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनं त्यांच्या पैदाशीचं तंत्र बसवलंय, आणि नवी मुंबईत ऐरोलीलाही त्यांची पिल्लं तयार झालीत. टाकीत वाढलेली पिल्लं टाकीत रुळतात, बारीक दाण्याचं खाद्य खातात आणि सांभाळली तर दहा-पंधरा वर्षं जगतात. समुद्रात ते डंख मारणाऱ्या समुद्रफुलात घर करतात, पण त्याच्याशिवायही राहतात. त्याआधी एखाद्या सुट्टीत रत्नागिरीला झाडगावच्या सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्राचं मत्स्यालय दाखवून आणतो, तिथं ठेवलेला देवमाशाचा सांगाडाही बघा.

नावं मात्र आत्ताच ठरवू नका. विदूषक मासा जन्मतो तेव्हा मादी कुणीच नसते. दोघांत जो अंगानं मोठा होतो, दुसऱ्यावर वचक बसवतो, तो मादी होतो आणि धाकटा नर राहतो. पुढं मादी मेली तर तोच नर मादी होतो. अंडी घातली की कौलाच्या आडोशाला त्यांना पंखांनी वारा घालत बसायचं काम बापाचं, आठवडाभर. तेव्हा दोन सारखी पिल्लं आणायची, आणि आई कोण होणार ते त्यांचं त्यांना ठरवू द्यायचं.